स्पर्धेपुरता प्रश्न

हडपसरच्या त्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत एक काचेचं कपाट आहे. ते करंडकांनी आणि ढालींनी इतकं भरलंय की नवीन करंडक आला की एखाद्या जुन्याला माळ्यावर जावं लागतं. करंडकांवर नावं मुलांची, पण कपाट कोणाचं असं विचारलं तर शिपाईसुद्धा सांगेल, अनिरुद्ध सरांचं. कारण बोलली मुलं असली तरी शब्द सरांचे होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, परीक्षकांनाही. वक्तृत्व स्पर्धांच्या जगात याला लबाडी म्हणत नाहीत, मार्गदर्शन म्हणतात.

सर मराठी शिकवायचे. वर्गात ठीकठाकच, व्याकरणाच्या तासाला मागचे दोन बाक नियमाने झोपत. पण भाषण लिहायला बसले की माणूस वेगळाच. कुठे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीची बारीक रेघ, कुठे थांबायचं तिथे दोन रेघा, हात कधी वर न्यायचा, आवाज कुठे खाली आणायचा, सगळं समासात लिहिलेलं. "डोळ्यांत पाणी आणायचं, पण गालावर येऊ द्यायचं नाही," असं ते मुलांना सांगत. मुलं मान डोलवत आणि तसं करूनही दाखवत.

त्या वर्षी शहरातल्या एका मोठ्या स्पर्धेचा विषय आला : शिक्षण, समाज आणि पर्यावरण, काही अवघड प्रश्न. सरांनी नववीतली ऋतुजा निवडली. मुलीचा आवाज खणखणीत, पाठांतर असं की एकदा वाचलं की झालं, आणि भीती नावाची गोष्ट तिला कोणी सांगितलीच नव्हती. घर शाळेपासून जवळच. हडपसर गाव होतं तेव्हापासूनची ही शेतकरी मंडळी. आता शेतात इमारती उगवल्या होत्या आणि दारात मोठी गाडी उभी होती.

भाषणात स्वतःचा अनुभव असला की गुण जास्त पडतात, हा सरांचा जुना हिशेब. त्यांनी तिला विचारलं, "तुझ्या घराजवळ नदी, विहीर, तळं, असं काही आहे का गं?"

"ओढा होता सर, मागच्या बाजूला. आता नाहीये."

"होता, हे उत्तम," सर म्हणाले, आणि लिहायला बसले. तो कुठे गेला, कोणी नेला, हे त्यांनी विचारलं नाही. भाषणाला तेवढं पुरेसं होतं.

भाषण मात्र झकास जमलं. जलचक्राची आकृती काढून दहापैकी दहा गुण मिळवलेली एक मुलगी विचारते, की हे चक्र माझ्या घरामागून का फिरत नाही. ज्या शाळेत उत्तरं पाठ करून घेतात तिथे प्रश्न कुठे ठेवायचे, असं विचारते. आणि शेवटाकडे येताना आपल्या वडिलांकडे वळते. "बाबा, तुम्ही ज्या ओढ्यात पोहायला शिकलात तो ओढा मला दाखवाल का? नसेल दाखवता येत, तर तो कोणी मारला ते तरी सांगाल का? उत्तर मिळेपर्यंत मी विचारत राहीन." यापुढे दोन रेघा.

सराव करताना ऋतुजा त्या ओळीवर अडली. म्हणाली, "सर, खरंच विचारायचं?"

"हो तर. मनापासून विचारल्याशिवाय ते आवाजात येत नाही," सर म्हणाले. सरांच्या दृष्टीने ही आवाजाबद्दलची सूचना होती.

स्पर्धेत पहिला नंबर आला. एक परीक्षक बाई चष्मा काढून पुसत होत्या. तिचे वडील, साईनाथराव, पांढऱ्या कडक शर्टात तिसऱ्या रांगेत बसले होते. बक्षीस समारंभानंतर ते सरांना भेटले, हात हातात घेतला आणि म्हणाले, "सर, भारी लिवलंय. पर त्या वड्यात म्या पवायला शिकलो, ह्ये तुमाला कुणी सांगितलं? म्या तर पोरीला बी कदी बोललो न्हाई."

"सुचतं असं," सर हसून म्हणाले. साईनाथराव हसले नाहीत, पण सरांचं लक्ष तेव्हा फोटोवाल्याकडे होतं.

पुढे काही दिवसांनी शाळा सुटल्यावर ऋतुजा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तिने सांगितलं ते असं. तिने घरी जाऊन बाबांना खरंच विचारलं होतं. पहिल्या दिवशी बाबा हसले. दुसऱ्या दिवशी गप्प झाले. मग ती जेवायला बसली की ते उठू लागले. मागे डंपर येताना ती रोज बघायची, पण बाकीचं तिला शेजाऱ्यांकडून कळलं : ओढा गेला ती जागा तिच्या घरचीच होती आणि तो बाबांनीच बुजवला होता. खाली सिमेंटचे पाईप घातले आणि वर शहरभरचा राडारोडा. भराव अजून चालूच होता, वर इमारत येणार होती. काल एक डंपर आला तेव्हा ही पोरगी गणवेशातच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली होती. काकाने दंड धरून तिला बाजूला ओढलं.

"घरात सगळे म्हणतात, ते भाषणातलं होतं, आता पुरे," ऋतुजा म्हणाली. "सर, तुम्ही एकदा घरी या ना. दुसरं काही नको. प्रश्न खरा आहे एवढंच सांगा. तुमचं बाबा ऐकतात."

साईनाथराव पालक संघात होते, शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला त्यांचा मांडव असायचा. तरी मुलीचा चेहरा पाहून सर म्हणाले, "येतो. रविवारी येतो." आणि मनातल्या मनात त्यांनी तिथे काय बोलायचं याची जुळणीसुद्धा सुरू केली. सवयच तशी.

रविवारी सकाळी साईनाथरावांनी त्यांना आधी गच्चीवर नेलं. "या सर, वरनं दावतो. खालनं काय कळायचं न्हाई." घरामागे विटा, फरशांचे तुकडे, तुटके संडास, तारा असा मोठा पसारा पसरला होता आणि त्याच्या कडेला एक जुनं उंबराचं झाड अर्ध्या बुंध्यापर्यंत गाडलं गेलं होतं. सरांनी घसा साफ केला. सुरुवातीचं वाक्य त्यांनी पाठ केलं होतं.

पण साईनाथरावच बोलले. "दोष माजा हाय सर. बुजवला तो म्याच. पैसं बी आलं, खोटं कशाला बोलू. पर बुजवला तवा तो वडा ऱ्हायला न्हवता. काळं पानी यायचं, फेस यायचा. विहीर नासली. म्हस तोंड लावंना. आई म्हातारी, तिला वासानं जेवन जायचं न्हाई. अर्ज केलं, मानसं आली, फोटू काडून गेली. मग म्हनलं, रोज उटून ही घान बगन्यापरीस गाडून टाकावी."

"पण पाणी कुठून यायचं ते?" सरांनी विचारलं. इतक्या दिवसांत त्यांनी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न.

साईनाथरावांनी हात वर चढाच्या दिशेला केला. तिकडे पिवळ्या रंगाच्या तीन उंच इमारती उभ्या होत्या. त्यातल्या मधल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत सरांची तुळस होती.

"तुमी तितंच ऱ्हाता न्हवं?"

सरांनी नुसती मान हलवली. सोसायटीत सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. ते सरांच्या घराच्या बरोबर खाली होतं आणि त्याची मोटर दिवसभर घरघरायची. त्या घरघरीत भाषण सुचत नाही, म्हणून सर सोसायटीचे सचिव झाले त्या वर्षी त्यांनीच ठराव मांडला होता, की यंत्र बंद ठेवावं, विजेचाही खर्च वाचेल. ठराव एकमताने मंजूर झाला, टाळ्यासुद्धा पडल्या. त्या दिवसापासून घरात शांतता झाली आणि त्या शांततेत सरांनी झाडांवर, नद्यांवर, चिमण्यांवर एकाहून एक भाषणं लिहिली. खालचं पाणी मग कुठे जातं, हे सभेत कोणी विचारलं नाही. सरांनीही नाही.

"पोरीला ह्ये सांगितलं न्हाई म्या," साईनाथराव म्हणाले. "ती तुमाला लई मानती. रोज मलाच इचारती, वडा कुनी मारला. आदी गप बसलो, आता म्हनतो, म्याच. तिच्या नजरंतनं म्या उतरलोय ते उतरलोय, तुमाला कशाला उतरवू. पर आता तुमी आलाय तर तुमीच सांगा तिला काय खरं ते. मला तर काय बोलाया येत न्हाई."

सर जिना उतरले ते कठड्याला धरून. खाली ऋतुजा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे ठेवला, ओढणी नीट केली आणि वर्गात उभी राहते तशी समोर उभी राहिली. साईनाथराव खुर्चीत बसले. "इचार सरांना," ते म्हणाले.

"सर, माझा प्रश्न खरा आहे ना?"

हो म्हणायचं होतं. हो म्हणायलाच ते आले होते. पण हो म्हटलं की पोरगी पुढचा प्रश्न विचारणार, मग पाणी कोणाचं होतं. उत्तर आलं की तिथे थांबायचं नाही, त्याच्या पोटातला पुढचा प्रश्न काढायचा, हे त्यांनीच तिला घोकून घेतलं होतं. आणि त्या पुढच्या प्रश्नाच्या उत्तरात पिवळ्या इमारती होत्या, सचिवाची सही होती, टाळ्या होत्या. त्यांनी चहाच्या कपाकडे बघितलं आणि आपल्या सगळ्यात समजुतीच्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

"हे बघ ऋतुजा, स्पर्धा म्हटली की थोडं रंगवून लिहावं लागतं. ते पोहण्याचं वगैरे मी कल्पनेनंच घातलं होतं. प्रश्न चांगला होता, पण तो स्पर्धेपुरता होता. घरातल्या मोठ्या माणसांना असं धारेवर धरायचं नसतं. त्यांच्या अडचणी असतात."

तिने बाबांकडे पाहिलं, मग सरांकडे. "बरं सर," ती म्हणाली आणि आत गेली.

साईनाथरावांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्यांच्या बाजूने निकाल लागला होता. पण ते सरांकडे असे बघत राहिले की सरांना खुर्चीत बसवेना. सर उठले, चपला घालू लागले. "च्या ऱ्हायला तुमचा," मागून साईनाथराव म्हणाले. दुसरं काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं सरांना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, नम्रताला, सगळं सांगितलं. ती गवार मोडत होती. ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे अहो, शेवाळवाडीपासून साताऱ्यापर्यंत सगळ्यांना प्रश्न विचारायला शिकवलंत आणि एकीनं तुमच्याच दारात येऊन विचारला तर कडी लावून घेतलीत."

"मी काय करायला हवं होतं?"

"ते मला नका विचारू. प्रश्नांचे क्लास तुम्ही घेता."

सरांनी सोसायटीच्या पुढच्या सभेत यंत्राचा विषय काढला. काढला म्हणजे चहापानाच्या आधी हळू आवाजात काढला. अध्यक्ष म्हणाले, "सर, सुरेख मांडलंत. आपल्या गणेशोत्सवात यावर तुमचं भाषण ठेवू." लोक हसले. विषय पुढच्या सभेवर गेला आणि सर खाली बसले. आपण निदान बोललो तरी, असं वाटून त्यांना जरा हलकंही वाटलं आणि त्या हलकं वाटण्याची त्यांना रात्रभर शरम वाटली. घर शांत होतं. ती शांतता आता त्यांना सोसत नव्हती. कागद पुढे घेतला की खालच्या बंद मोटरीकडेच कान लागायचे.

ऋतुजा स्पर्धा सोडून देईल, असं सरांना वाटलं होतं. खरं सांगायचं तर त्यांना ते हवं होतं. रागावली असती, भाषणाचा कागद टेबलावर टाकून गेली असती, तर माफी मागायला तरी जागा राहिली असती. पण ती त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी आली आणि तिने विचारलं, "पुढची स्पर्धा कधी आहे सर?" घरातही हळूहळू सगळं सुरळीत झालं. बाबा आता जेवताना उठत नव्हते. भराव पुरा झाला. ती तिकडे बघतही नव्हती.

आणि ती आधीपेक्षा कितीतरी चांगली बोलू लागली. आधी तिच्या आवाजात कधी कधी हिसका यायचा, एखादा शब्द तोंडातच अडायचा. आता काही अडत नव्हतं. साताऱ्याला ती टेकड्या वाचवा म्हणून बोलली आणि पहिली आली. महिन्याभराने नगरला वादविवाद होता. तिथे चिठ्ठीत उलटी बाजू आली, तर विकासासाठी टेकड्या फोडाव्या लागतातच, असं बोलून पहिली आली. दोन्हीकडे तिचे डोळे भरले, दोन्हीकडे पाणी गालावर आलं नाही. परतीच्या बसमध्ये ती डब्यातले शेंगदाण्याचे लाडू सगळ्यांना वाटत होती. सरांनी तिला विचारलं, "दोन्हींतलं तुला कुठलं पटतं गं?" ती जरा गोंधळली. मग म्हणाली, "सर, पुढची चिठ्ठी निघाल्याशिवाय कसं सांगू?"

त्या प्रवासात सरांना झोप लागली नाही. काचेच्या कपाटातल्या सगळ्या मुलांचे चेहरे त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. कोणी बँकेत होतं, कोणी खराडीला कंपनीत, एकजण भाषणं ठोकून नगरसेवकाच्या मागे फिरत होता. त्यांच्यातल्या कितीजणांनी सराव करताना "सर, खरंच?" असं विचारलं होतं आणि आपण काय उत्तर दिलं होतं, ते त्यांना आठवेना. ऋतुजाचं आठवत होतं. तिने विचारलं होतं, आणि घरी जाऊन तसं केलंही होतं. तशी एकच निघाली होती, आणि तिला आपण सरळ केलं.

राज्याच्या फेरीचा विषय पुन्हा पाणीच निघाला. सरावाच्या पहिल्या दिवशी सरांनी वर्गाचं दार लावलं नाही, खिडक्याही उघड्या ठेवल्या. कोणी ऐकलं तर ऐकू दे, असं त्यांनी ठरवलं होतं. समोर कागद नव्हता. ऋतुजा बाकावर पेन्सिल घेऊन बसली होती.

"आज भाषण नाही," सर म्हणाले. "तुला एक सांगायचंय. तुमचा ओढा बाबांनी बुजवला हे खरं आहे. पण तो त्याआधीच मेला होता. त्यात जे घाण पाणी यायचं ते आमच्या सोसायटीचं होतं. शुद्ध करायचं यंत्र बंद करा, असा ठराव मीच मांडला होता. आवाजाने मला लिहिणं सुचत नव्हतं म्हणून. पाणी आमच्याकडचं, हे तुझ्या बाबांना माहीत होतं. माझी तुझ्यापाशी शोभा होऊ नये म्हणून त्यांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. आणि त्या रविवारी मी तुमच्या घरात बसून तुझ्याशी खोटं बोललो. तुझा प्रश्न खरा होता, ऋतुजा. माझ्यापर्यंत येईल म्हणून मी तो मोडून टाकला."

बोलताना त्यांचा आवाज दोनदा फुटला. कुठे थांबायचं ते त्यांना कळत नव्हतं. ती मान जराशी कलती करून ऐकत होती. सर वाट बघत राहिले. तिने रडावं, ओरडावं, उठून निघून जावं, घरी जाऊन बापाच्या गळ्यात पडावं, यांपैकी काहीही चाललं असतं.

"छान आहे सर," ती म्हणाली.

"छान?"

"म्हणजे, शिक्षकच दोषी निघतात, असं अजून कुणी घेतलेलं नाही. आणि बाबांचं ते सहन करणं. एकदम नवीन आहे." तिने बाकावर कागद ओढला आणि वर तारीख घातली. "घेऊ या आपण. फक्त शेवटाला नको सर, मधे घेऊ. शेवटाला आशा लागते, नाहीतर परीक्षक नंबर देत नाहीत."

सर तिच्याकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना टोमणा. हे त्यांनीच तिला शिकवलं होतं, आणि ऋतुजा एकदा शिकवलेलं कधी विसरत नसे.